आधी पाइप, मग अलेक्सा

स्मार्ट घर करायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या हातात मोबाइल असतो आणि त्यात एखादा व्हिडिओ. मालक दारात पाऊल टाकतो, दिवे आपोआप लागतात, पडदे बाजूला सरकतात, तो हवेत काहीतरी बोलतो आणि एसी सुरू होतो. 'आपल्याला हे असं करायचंय,' म्हणतो. मी विचारतो, 'स्लॅब कधी भरताय?' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'तो झाला की मागच्याच महिन्यात.'

मग आमचं बोलणं पडद्यांवरून भिंती फोडण्यावर येतं.

मी चिपळूणचा इलेक्ट्रिकल कंत्राटदार. घरांची वायरिंग करायची, महावितरणच्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट द्यायचा, पावसाळ्यात कुणाची लाइन शॉर्ट झाली तर रात्री-अपरात्री धावायचं, हा माझा धंदा. ऑटोमेशन आमच्याकडे आणलं ते मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी. गावात घर बांधायचं, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात यायचं, आणि मधल्या काळात अंधेरीत बसून बघायचं की पंप चालू राहिला नाही ना, गेट लावलंय ना, आईने मागचं दार बंद केलं का. या गरजा खऱ्या आहेत, त्यांची मी चेष्टा करत नाही. फक्त त्या भागवणारी यंत्रं विकत घ्यायची घाई करू नये. घाई करायची ती पाइपांची.

चांगल्या वायरीने, नीट केलेली वायरिंग तीस-तीस वर्षं हात लावू देत नाही. स्मार्ट म्हणून विकली जाणारी वस्तू पाच-सात वर्षांत जुनी होते, कधी त्याआधीच मरते. 1975 साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने एक्स-टेन नावाची पद्धत काढली. घरातल्या विजेच्या वायरींतूनच इशारे पाठवून दिवे लावायचे आणि विझवायचे. कित्येक वर्षं होम ऑटोमेशन म्हटलं की तिचंच नाव घेतलं जाई, आज नव्या घरात ती कुणी घालणार नाही. मग केएनएक्स आलं, झेड-वेव्ह, झिगबी आलं, 2022 च्या ऑक्टोबरात मॅटर आलं. दरम्यान रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा हब त्याच्या मालक कंपनीने, नेस्टने, 2016 च्या मे महिन्यात कायमचा बंद केला. पैसे मोजून घेतलेला डबा लोकांच्या घरात नुसता पडून राहिला. 2022 च्या एप्रिलमध्ये इनस्टिऑन कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद पडले आणि गिऱ्हाइकांची अ‍ॅपं मुकी झाली. भिंतीवर हाताने दाबायचा खटका ज्यांनी ठेवला होता, त्यांचे दिवे तरी लागत होते. भिंतीतला पाइप मात्र कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालत नाही.

आता पाइपाचंच बघू. स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या आणि काँक्रीट पडायचं बाकी आहे, एवढ्या फटीत आमचं काम असतं. सेंट्रिंगच्या फळ्यांवर पंख्याचे आणि दिव्यांचे बॉक्स ठोकायचे, सळ्यांमधून पाइप न्यायचे, सांधे सोल्युशन लावून बसवायचे, बॉक्सांत कागद किंवा थर्माकोल कोंबायचा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत शिरून पाइप दगड होतो. दुसऱ्या दिवशी काँक्रीटवाली गँग येते, घमेली फिरतात, व्हायब्रेटर चालतो आणि कुणाचा तरी पाय नेमका बेंडवर पडतो. म्हणून स्लॅब भरताना माझा एक माणूस तिथे उभा असतो, आणि त्या दिवशी त्याने दुसरं काही करायचं नसतं. मळ्यातल्या घरापासून बाजारातल्या इमारतीपर्यंत मी हा नियम मोडत नाही.

स्मार्ट घरासाठी या टप्प्यावर जास्तीचं काय लागतं? यंत्र एकही नाही. 20 मिलिमीटरऐवजी मुख्य वाटांवर 25 चा पाइप. पाइपाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग वायरींनी भरायचा नाही, म्हणजे पुढे एखादी वायर वाढवता येते. दोन बॉक्सांच्या मध्ये काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणं नकोत, नाहीतर वायर ओढताना ती सोलवटते. प्रत्येक खोलीतून एक रिकामा पाइप मुख्य जागेपर्यंत आणि त्यात जी.आय. तार ओढून ठेवलेली. 'रिकामा पाइप कशाला?' हा प्रश्न ठरलेला. घराच्या एकूण खर्चात तो कुठे दिसतही नाही. पाच वर्षांनी जे काही नवीन बाजारात येईल, ते त्यातून जाईल.

न्यूट्रलचं दुखणं वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. साध्या दिव्याला फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी लागतात. न्यूट्रल थेट दिव्याकडे जाते. फेज आधी खटक्यात येते आणि तिथून पुढे दिव्याकडे जाते. त्या पुढच्या तुकड्याला आम्ही 'हाफ' म्हणतो. खटक्याचं काम वाट अडवणं किंवा मोकळी करणं एवढंच, त्याला स्वतःला न्यूट्रलशी देणंघेणं नाही. स्मार्ट स्विच मात्र सदा जागा असतो. दिवा बंद असला तरी तो वायफायशी किंवा हबशी बोलत असतो आणि त्यासाठी त्याला चिमूटभर वीज लागते. ती मिळायला बोर्डात न्यूट्रल हवी.

इथे आपली एक जुनी सवय कामी येते. आपल्या बोर्डावर खटक्यांच्या शेजारी बहुधा एक प्लग असतोच आणि त्या प्लगपायी न्यूट्रल बोर्डापर्यंत आलेली असते. राहतात ते प्लग नसलेले बोर्ड: जिन्यातले टू-वे, पलंगाच्या डोक्याशी असलेले, बाथरूमबाहेरचे दोन खटके. 'प्लग नसला तरी प्रत्येक बोर्डात काळी वायर सोड,' असं वायरमनला काम सुरू होण्याआधी सांगितलं की झालं. दीड चौरस मिलिमीटरची काही मीटर वायर, त्यापुढे खर्च नाही.

न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट स्विचही मिळतात. ते आपली वीज दिव्यातूनच चोरतात. साठ वॉटच्या जुन्या बल्बला त्या चोरीचा पत्ता लागत नसे, पाच-सात वॉटच्या एलईडीला लागतो. बंद केलेला दिवा रात्री मंद पेटलेला दिसतो किंवा लुकलुकतो, आणि मालकिणीचा फोन येतो की घरात काहीतरी आहे. दिव्याला समांतर छोटा कपॅसिटर जोडला की बहुतेकदा हे थांबतं.

शेजारच्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेऊ, असं मात्र कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. डीबीमधली, म्हणजे घराच्या मुख्य वितरण पेटीतली, आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघते. फरक 30 मिलिअँपिअरच्या घरात गेला की लाइन तोडते. माणसाला झटका बसताना जीव वाचतो तो यामुळेच. दोन सर्किटांना वेगवेगळ्या आरसीसीबी असतील आणि एकाचा करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलने परतत असेल, तर तिला गळतीच दिसणार आणि ती पडत राहणार. मग कुणीतरी शहाणा 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून ती काढूनच टाकतो. एकच आरसीसीबी असेल तर ती पडणार नाही, पण एक एमसीबी पाडून निर्धास्तपणे काम करणाऱ्या पोराने ती उसनी न्यूट्रल उघडली की झटका त्याला बसणार.

आठ मॉड्यूलचा बोर्ड एकदा उघडून बघा. प्लेट काढली की लाल फेज या खटक्यावरून त्या खटक्यावर उड्या मारत गेलेली दिसते, चार-पाच हाफ वायरी, काळी, हिरवी अर्थिंगची, आणि कोपऱ्यात पंख्याच्या रेग्युलेटरचं धूड. या गर्दीत आता काडेपेटीएवढं एक स्मार्ट मॉड्यूल सरकवायचं. नेहमीच्या खोलीच्या बॉक्सात ते बसत नाही असं नाही, पण वायरी दाबून, प्लेटचे स्क्रू जोराने आवळून बसतं, आणि तापतं. म्हणून मी गरजेपेक्षा एक साइज मोठा, खोल बॉक्स लावतो आणि एक मॉड्यूलची जागा कोरी ठेवतो. बॉक्स लोखंडी असेल तर मॉड्यूलचा रेडिओ सिग्नल फक्त समोरच्या प्लास्टिक प्लेटमधून बाहेर पडतो, हेही ध्यानात असू द्यावं.

बाथरूमच्या गिझरला असलं छोटं मॉड्यूल लावू नका. दोन हजार वॉटचा गिझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन हजारचा तेरा. दहा अँपिअर लिहिलेल्या मॉड्यूलवर रोज सकाळी अर्धा तास हा भार टाकला की काही महिन्यांत रिलेचे पॉइंट जळतात. गिझरला डीबीपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि डीबीतच एक कॉन्टॅक्टर. मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरला हुकूम द्यायचा, करंट वाहायचं काम कॉन्टॅक्टरचं. पंख्याची गोष्टही थोडी बदलली आहे. लोक आता तीस-पस्तीस वॉटचे बीएलडीसी पंखे घेतात. त्यांचा वेग पंख्याच्या आतल्या सर्किटमधून ठरतो, त्यामुळे त्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर नको आणि स्मार्ट फॅन-मॉड्यूलही नको. पंख्याला सलग वीज द्या आणि हुकूम रिमोटकडून. पंखा कुठला घेणार हे बोर्ड ठरायच्या आधी कळलं तर रेग्युलेटरचे पैसे वाचतात.

गुहागर तालुक्यातल्या एका घराचं सांगतो. मुलगा-सून अंधेरीत, आई गावात. जांभ्याच्या चिऱ्याच्या जाड भिंती. गिलावा व्हायच्या आधी मी खडू घेऊन घरभर फिरतो आणि चिऱ्यावरच खुणा करतो: इथे बोर्ड, इथे प्लग, इथे पडद्याच्या मोटरचा पॉइंट. मोटर खिडकीच्या उजव्या टोकाला की डाव्या, हे तेव्हाच ठरवावं लागतं, पेल्मेट बसल्यावर नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, मी आईंना बरोबर घेतलं. झोपायच्या खोलीत त्या थांबल्या.

'अहो भाऊ, पलंग इथे नाही यायचा.'

'नकाशात इथेच आहे, आई.'

'नकाशात पाऊस असतो का? पावसाळ्यात या खिडकीतून सगळा झोत अंगावर येतो. पलंग त्या भिंतीला.'

पलंग त्या भिंतीला गेला, त्याबरोबर दोन बोर्ड, एक टू-वे आणि रात्रीच्या दिव्याचा सेन्सर गेला. खडू पुसून पुन्हा खूण करायला पैसे पडत नाहीत. मुलाने मग बोलून दिवे लावायचा स्पीकर कुठे ठेवायचा ते विचारलं. आई म्हणाल्या, 'त्या भोंग्याला कशाला सांगायचं? हात आहेत की मला.' मुलगा हसला. मी हसलो नाही, कारण हा माझ्या कामातला पहिला नियम आहे. इंटरनेट गेलं, हब बिघडला, मोबाइल हरवला, तरी भिंतीवरचा खटका दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. म्हणून मी समोर साधा खटका ठेवतो आणि त्याच्या मागे मॉड्यूल. काचेचं टच पॅनल दिसायला देखणं असतं, पण ते बिघडलं की खोलीतले सगळे दिवे एकदम जातात आणि तेच मॉडेल पुन्हा मिळेल याची खात्री नसते. आईंना एकच गोष्ट मनापासून आवडली: रात्री पाय खाली टाकला की पलंगाखालचा मंद दिवा लागतो, बाथरूमपर्यंतची वाट दिसते. त्यासाठी पलंगाच्या पायाशी एक बॉक्स लागला, एवढंच.

जांभ्याच्या भिंतीत वायफायचा दम उखडतो. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तर आणखीच. जास्त वेगाचा 5 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल एका भिंतीपलीकडे जेमतेम जातो. राउटर मोठा घेऊन हे सुटत नाही, कॅट-6 केबलने सुटतं. घरात एक जागा ठरवायची, तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल. बॉक्स ते बॉक्स नव्वद मीटरपर्यंत ती चालते, आपल्या घरात तेवढी लांबी सहसा लागत नाही. विजेच्या पाइपात ती कधीही घालायची नाही. वेगळा पाइप, थोडं अंतर, आणि दोन्ही ओलांडायचे तर काटकोनात. केबल घेताना एक टोक चाकूने खरवडून बघा. बाहेर तांबूस आणि आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. स्वस्त पडतं, पण त्यातून कॅमेऱ्याला वीज द्यायची म्हटलं की गरम होतं.

हो, कॅट-6 मधून वीजही जाते. पीओई म्हणतात त्याला, आणि त्याच्या साध्या प्रकारात एका केबलवर पंधरा वॉटपर्यंत मिळतात. कॅमेऱ्याला एवढे पुष्कळ झाले. फायदा असा की सगळ्या कॅमेऱ्यांची वीज एकाच जागेवरून जाते आणि त्या एका जागेला इन्व्हर्टर दिला की लाइट गेल्यावरही कॅमेरे चालू. कोकणात लाइट जाणं ही बातमी नाही. 2020 च्या जूनमधल्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेव्हा राउटर, हब, कॅमेऱ्यांचा स्विच आणि निदान एका खोलीतले दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेतच. ती लाइन डीबीपासून वेगळी, तिची न्यूट्रलही वेगळी, शेवटपर्यंत कुठेही महावितरणच्या न्यूट्रलला न मिळणारी. आणखी एक बारीक गोष्ट: स्मार्ट मॉड्यूलमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती 'चालू' वर राहिली तर पहाटे तीनला लाइट आल्याबरोबर अख्खं घर झगमगतं. 'आधीची स्थिती' किंवा 'बंद' करून ठेवा.

आमच्या गावाने 2005 चा पूर पाहिला, मग 22 जुलै 2021 चा पाहिला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे बोर्ड, डीबी, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सगळं गेलं. त्यानंतर सखल भागातल्या कामात डीबी आणि नेटवर्कचा रॅक मी वरच्या मजल्यावरच घेतो आणि तळमजल्याला स्वतंत्र एमसीबी देतो, म्हणजे पाणी चढायला लागलं की खालचं पाडून वर दिवे ठेवता येतात. तळमजल्यावरच्या वायरी वरून खाली उतरवतो, जमिनीतून नेत नाही. आर्किटेक्टला प्लग एक फुटावर हवे असतात. मी नदीचं नाव सांगतो.

विजांचं तसंच. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात कडकडाट झाला की पहिला बळी गेटवरच्या कॅमेऱ्याचा, आणि तांब्याच्या केबलवरून तो धक्का थेट रॅकपर्यंत येतो. गेट लांब असेल तर घर ते गेट फायबर टाका. काचेतून विजेचा धक्का येत नाही. डीबीत सर्ज प्रोटेक्टर हवाच, पण त्याला धक्का जमिनीत सोडायला चांगली अर्थिंग नसेल तर तो शोभेचा. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग सहजासहजी लागत नाही, खड्डा नीट करावा लागतो आणि मीटर लावून मोजावं लागतं. 'हिरवी वायर जोडली आहे' हे उत्तर घेऊ नका.

आता मोठा प्रश्न: सगळ्या दिव्यांच्या वायरी एका मध्यवर्ती पॅनेलमध्ये आणायच्या की बोर्डाबोर्डात मॉड्यूल बसवायचं? युरोपातली केएनएक्स ही पद्धत पहिल्या जातीची. हिरवी बारीक केबल घरभर फिरते, तिच्यावर तीसच्या आसपास व्होल्टचा डीसी, खटके फक्त निरोप देतात आणि दिवे पॅनेलमधून लागतात. अनेक कंपन्या त्याच मानकाने माल बनवतात, त्यामुळे एक कंपनी बुडाली तरी घर बुडत नाही. मोठा बंगला, हॉटेल, रिसॉर्ट असेल तर जरूर करा. पण तिथे वायर कितीतरी जास्त लागते, प्रोग्रॅमिंग करणारा माणूस लागतो आणि तो मुंबईहून येतो. तीन-चार खोल्यांच्या घराला मी ते सुचवत नाही. एकाच छोट्या कंपनीची स्वतःची मध्यवर्ती पद्धत असेल आणि बोर्डात फेज सोडलेलीच नसेल, तर साफ नाही म्हणा. उद्या ती कंपनी गेली तर साधा खटका लावायलाही भिंत फोडावी लागेल.

जुन्या फ्लॅटवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. जुनी वायर तशीही बदलायची असते. तिच्याच टोकाला नवी वायर आणि न्यूट्रल बांधून ओढली की पाइप मोकळा असल्यास काम होतं. नसल्यास बॅटरीवर चालणारे, भिंतीला चिकटवायचे खटके मिळतात.

राहिलं शेवटचं काम, जे फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही. गिलावा चढायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, कोपऱ्यापासून टेप धरून, म्हणजे पाइप किती फुटांवर आहे ते फोटोत वाचता येईल. पुढे कुणी टीव्ही टांगायला ड्रिल मारेल तेव्हा तो फोटो उपयोगी पडतो. त्यावरून एक साधा नकाशा करून घ्या: कुठला पाइप कुठून कुठे, कुठला रिकामा, कुठल्या एमसीबीवर काय. त्याची एक प्रत लॅमिनेट करून डीबीच्या दाराला आतून चिकटवा, एक मोबाइलवर ठेवा. वायरींच्या दोन्ही टोकांना नंबर घातलेत का, तेही बघा. हा नकाशा देणं कंत्राटदाराचं काम आहे. मी देतो. जो देणार नाही, त्याचं शेवटचं बिल अडवून ठेवा.